पथ्यातले अंजीर

४ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून रुसणार होते, पण रुसायलाही सवड नाही. यांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते. तिथून आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. शिडीवर चढून अख्ख्या बाजारपेठेच्या पाट्या रंगवणारा माणूस, परवा त्याला ब्रश धरवेना. रक्त कमी झालंय, पोट साफ होत नाही, ताट समोर आलं की मान फिरवतात. दोघांच्याच घरात एक असा पडला की दुसऱ्याने बोलायचं कुणाशी? दादा, मी फार घाबरले आहे.

काल मात्र आपणहून म्हणाले, तुझ्या भावाच्या बागेतले सुके अंजीर असते तर खाल्ले असते. पाठवशील ना? वहिनीला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, पण आता तो जरा जास्त लागणार आहे.

तुझी धाकटी

१३ मे

चि. सौ. खारूताईस अनेक आशीर्वाद.

फांदीवरचे अंजीर पळवायचीस तेव्हाचं हे नाव, म्हातारी झालीस तरी सुटायचं नाही.

पेटी रवाना केली आहे. पेंटरसाहेबांना म्हणावं, हे पाणी पिऊन फुगलेलं फळ नव्हे. इथल्या वाळूत झाडाला पाणी बेताचंच, वरून ऊन भाजून काढतं. म्हणून फळ लहान, पण गर दाट. शेतकी खात्याचे साहेब परवाच बागेत उभे राहून सांगून गेले : रक्तासाठी लोह, हाडांसाठी कॅल्शियम, पोटासाठी चोथा, आणि पोटॅशियम तर ठासून भरलेलं. ते कशासाठी हे मी विचारलं नाही, पण ठासून भरलंय म्हटल्यावर चांगलंच असणार! तुझी वहिनी म्हणते, मी अंजिरांचं वकीलपत्र घेतलंय.

भिजवून दे, भिजवलेलं पाणीही फेकू नकोस. आणि हातपाय गाळू नकोस. घरात सर्वांचा जीव तुमच्यात अडकला आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझा दादा

६ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. अंजीर यांनी इतके आवडीने खाल्ले की मी दाराआड उभी राहून रडले. उठून बसू लागले. तुझ्या बागेसाठी पाटी करतो म्हणून कागदावर अक्षरंही आखली. आणि मंगळवारी जेवता जेवता एकाएकी कोसळले. छातीचे ठोके भलतेच पडत होते. डॉक्टरांनी कसेबसे परत आणले.

रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलं होतं. बिघडलेल्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही आणि मग हृदयच बंद पडतं म्हणे. आहार सांगणाऱ्या बाईंनी मला आदल्याच आठवड्यात विचारलं होतं, फळं काय काय देता. मी म्हणाले, एकही नाही. खोटं नव्हते बोलत रे! आपल्या घरी सुक्या अंजिराला फळ कधी कुणी म्हटलंय? ते डब्यातलं औषध. आईने ताप आला तरी तेच दिलं, बाळंतपणातही तेच.

पेटी मी यांच्या देखत शेजारी देऊन टाकली. ती दाराबाहेर जाईपर्यंत बघत राहिले. आता पुन्हा काहीच खात नाहीत. एका हाताने मीच भरवलं आणि दुसऱ्याने मीच हिसकावलं, या विचाराने वेड लागायची पाळी आली आहे. तुझ्यावर राग नाही. तूही माझ्यावर धरू नकोस.

तुझी धाकटी

१५ जून

चि. सौ. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि बागेत पाऊल टाकवेना. निरोग्याच्या अंगी लागतं तेच फळ भावोजींच्या जिवावर उठलं आणि मी गावभर गुण गात फिरत होतो.

तुला न सांगता शहरात जाऊन आलो. माझी एक किडनी घ्या म्हटलं, दोन काय करायच्यात? त्यांनी तपासलं तर मलाच साखर निघाली. तुमच्या तुम्ही सांभाळा म्हणाले. वहिनीने हात धरून घरी आणलं. मी काय करू, तूच सांग. काहीही सांग. माझ्यावरची माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझा दादा

२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काय करू विचारलं होतंस, म्हणून लिहिते. शनिवारी यांनी डॉक्टरांना हात जोडले, डायलिसिस नको, आता सुया पुरे म्हणाले. मी पुष्कळ भांडले, पाया पडले. ऐकलं नाही. डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले. पथ्य काय ठेवू, असं मी सवयीने विचारलं. ते म्हणाले, आता पथ्य नाही, मागतील ते द्या.

तेवढ्यात यांनी अंजीर मागितले. सुके नकोत, ओले हवेत. तुझ्या बागेत आता पिकले असतील. ओलं फळ झाडावरून उतरलं की टिकत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून पार्सल करू नकोस. टोपली मांडीवर घे आणि तू स्वतः ये. दादा, मिळेल त्या गाडीने ये.

तुझी
खारूताई