सुकाणूवर कोण बसणार

खारीगाव, कळवा
गुरुवार

प्रिय संदेश,

पत्राला अशी सुरुवात करायची पद्धत आहे म्हणून 'प्रिय' लिहिलं, त्यातून दुसरा काही अर्थ काढू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलणं मी केव्हाच सोडलंय. आधी तुझं 'ताई, मीटिंगमध्ये आहे, करतो' ऐकायचं आणि मग तीन दिवसांनी तुझा तो पिवळा अंगठा बघायचा, एवढा रिकामा वेळ मला नाही. कागद तुला मध्येच कट करता येणार नाही. अर्धवट वाचून बाजूला ठेवशील एवढंच, आणि ते तुझ्या स्वभावाला धरूनच होईल.

होडी झाली. बाबांची चौदा फुटी होडी, जिच्याबद्दल दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला तू सगळ्या भावकीसमोर छाती पुढे काढून म्हणाला होतास की हिला मी पुन्हा पाण्यात घालणार. डोलकाठी उभी आहे, शीड चढतं, आणि दिवसभरात तळाशी वाटीभर पाणी साचतं. तेवढं साचायलाच हवं असं बाबा म्हणतात. आता यात तुझा वाटा किती, तेही लिहून टाकते. आठ रविवार. एक महागडं पॉलिशचं मशीन, जे अजून खोक्यासकट इथेच पडलंय. एक बाजू घासलीस, तीन फळ्या उपटून काढल्यास, हातात छिन्नी धरून फोटो काढून घेतलेस, आणि दिवाळी आली म्हणून गेलास तो गेलासच. वीस-पंचवीस वर्षं ती ताडपत्रीखाली उपडी पडून होती, तिला काही झालं नव्हतं. पोट उघडं पडल्यावर एका पावसात आतून काळी पडली. बाबा रोज बांधावर खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायचे आणि तुझ्या घोडबंदरच्या चौदाव्या मजल्यावरून तुला खाडी किती छान दिसते ते आम्ही फॅमिली ग्रुपवर बघायचो.

मी जानेवारीत हात घातला. तुझ्यासाठी नाही, बाबांसाठीही नाही. मला सुकाणू हवं होतं. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. नवी असो की दुरुस्त केलेली, होडी पाण्यात उतरते त्या दिवशी जो सुकाणू धरतो, होडी त्याची. कागदपत्र काही नसतं, पण पुढे कुणी त्यावर बोट ठेवत नाही. आणि तो धरणारा मुलगाच असतो, कारण आपल्याकडे मुलीने होडीत पायच ठेवायचा नाही. मी नऊ वर्षांची असताना ओहोटीला चिखलात टेकलेल्या होडीत चढले होते, निवट्या, ते चिखलातले मासे, धरायला. बाबांनी तिथेच कानाखाली वाजवली, आईने हळदीच्या पाण्याने होडी धुतली आणि नारळ फोडला. तू तेव्हा पाच वर्षांचा. दुसऱ्या दिवशी बाबांच्या मांडीवर बसून सुकाणू धरलंस आणि माझ्याकडे बघून जीभ काढलीस. मी बांधावर उभी होते, हातात तुमच्या जेवणाचा डबा.

एक उपकार तुझा आहे, तो नाकारत नाही. तू आठवीत असताना एका संध्याकाळी मला शिडाच्या कापडाखाली झोपवून तिवरांपर्यंत नेऊन आणलंस. परतल्यावर बाबांनी तुला न विचारता होडी काढली म्हणून पट्ट्याने मारलं आणि तू माझं नाव घेतलं नाहीस. हे आठवलं की मला तुझा जास्तच राग येतो. ज्याला तेव्हा एवढं कळत होतं, त्याला आता काहीच कसं कळत नाही?

तर मी कामाला लागले, आणि कुणाला विचारणार नव्हते. बाबांना तर नाहीच. बावीस वर्षं डोंबिवलीच्या कारखान्यात लॅबमध्ये रेझिन तपासतेय, फळ्यांच्या फटी बुजवायला मला कुणाची शिकवणी लागणार होती? नव्या तीन फळ्या सुताराकडून बसवून घेतल्या. मग पत्र्याचं छप्पर घातलं, दोन्ही बाजूंनी पंखे लावले, आणि फेब्रुवारी ते एप्रिल होडी अशी कडकडीत वाळवली की प्रत्येक फटीत नाणं उभं राहील. मग मी स्वतः बनवलेलं, दगडासारखं घट्ट होणारं रेझिन उपड्या होडीच्या फटीफटीतून भरलं. तीन आठवडे. सुट्टी टाकून. नमुना पाण्यात ठेवून तपासला, थेंब आत गेला नाही. बाबा रोज दहा फुटांवर खुर्चीत बसलेले असायचे. गुडघ्यांमुळे त्यांना बांध उतरता येत नाही, पण दिसतं सगळं. तोंडातून एक अक्षर काढलं नाही त्यांनी.

मे महिन्यात भावकीतल्या चार जणांना बोलावून तिला नुसतं भिजवून बघायला पाण्यात सरकवली. पहिला दिवस सुरेख तरंगली. मी ऑफिसमध्ये पेढे वाटले, हस हवं तर. तिसऱ्या दिवशी सकाळी फांदी मोडावी तसा आवाज आला. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, फटींत माझं रेझिन दगड होऊन बसलेलं, फळ्यांना सरकायला जागाच नाही. त्यांनी एकमेकींना रेटलं, खिळे उपसून आले आणि तळाची मधली फळी उभी चिरली. मी कमरेएवढ्या चिखलात उभी, आणि बाबा वरून शांतपणे म्हणाले, "लाकराला फुगाला जागा नको?" मी ओरडलेच त्यांच्यावर. तीन महिने बघत होतात, सांगितलं का नाही? तर म्हणतात, "तू इचारलंस कवा?"

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला होडीतलं काही विचारलं. त्यांनीही जरा वेळ माझा जीव खाल्ला, मग सांगायला लागले. पावसाळाभर पत्र्याखाली बसून मी ते सगळं रेझिन छिन्नीने खरवडून काढलं, माझंच काम माझ्याच हाताने. मधली फळी बदलली. मग कापसाचे पिळे वळून फटींत भरले, तेही ठासून नाही, बोटाला जरा मऊ लागतील इतपत. वरून राळ आणि तेल. बाबा वरून ओरडणार, 'सैल', 'अजून सैल', आणि मी दात खाऊन काढून पुन्हा भरणार. दसऱ्यानंतर त्यांनी होडी बुडवायला लावली. खरंच, दगड भरून आठ दिवस खाडीत बुडवून ठेवली. लाकडाने हवं तेवढं पाणी पिऊन घेतलं, फळ्या आपापल्या जागी घट्ट बसल्या. वर काढून उपसली तर तळ कोरडा. शीड डोंबिवलीच्या मंडपवाल्याकडून शिवून घेतलं. तो कुठला कार्यक्रम आहे म्हणून तीनदा विचारत होता. पहिल्या शिडाला त्याने सवयीने झालर लावली होती, ती उसवायला लावली.

या सगळ्या महिन्यांत तू एकदा आलास. गणपतीत, अर्धा तास. होडीबरोबर फोटो काढलास आणि ग्रुपवर टाकलास, 'आमचं स्वप्न पूर्ण होतंय'. आमचं! माझ्या नखांतलं रेझिन तेव्हाही निघालेलं नव्हतं, अजूनही नाही. सत्तावीस जणांनी तुला शाबासकी दिली. त्यात बाबाही होते, त्यांना ते हात जोडलेलं चित्र टाकता येतं तेवढंच. मी शेजारच्या खोलीत बसून ते बघितलं आणि त्याच क्षणी ठरवलं की या माणसाला सुकाणूला हात लावू द्यायचा नाही.

त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाला, दुपारच्या भरतीत होडी उतरवायची ठरली. त्याच्या आदल्या सोमवारी मी ऑफिसमधून आले तर बाबा वाट बघत बसलेले. मला वाटलं, आता म्हणतील. दहा महिने माझं काम बघितलंय, आता तरी म्हणतील की विनिता, तू बस. ते म्हणाले, "संदेशला बोलाव. सुकाणूला पोरगा पायजे." रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. इतक्या साध्या आवाजात म्हणाले की जणू मीठ संपलंय, आणायला सांगतायत. वर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की काम बेस केलंस.

मी मान डोलावली, बाहेर जाऊन पायरीवर बसले. फोन हातात होता, तुझं नावही समोर काढलं. तुला फोन केला नाही. दहा मिनिटांनी आत गेले आणि बाबांना सांगितलं की त्याला फोन केला, त्याला जमत नाही, काम आहे म्हणाला. आई पलीकडे कोलंबी सोलत होती. मी बाहेर एक शब्दही बोलले नव्हते हे तिला ऐकू आलं होतं. तिने मला बाबांसमोर उघडं पाडलं नाही. पण त्या रात्री तिने मला वाढलं नाही, पातेलं माझ्यापुढे ठेवून उठून गेली.

बाबांनी दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाले, मग तूच बस. आणि मी बसले. पौर्णिमेच्या दुपारी, सगळ्या भावकीदेखत, आईने माझ्या कपाळाला हळद लावली आणि मी होडीत पाय ठेवला. चार जणांनी बाबांना उचलून पुढे बसवलं. वारा जेमतेम होता तरी शीड भरलं. लाकूड हातात असं जिवंत लागतं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी चांगली चालवली, संदेश. पुलाच्या अलीकडे वळवताना एकदा चुकले, नंतर नाही. मला त्या दिवशी जितका आनंद व्हायला हवा होता तितका झाला असता, पण बाबा माझ्याकडे पाठ करून बसले होते आणि सगळा वेळ बांधावर जमलेल्या माणसांत कुणाला तरी शोधत होते. परतल्यावर म्हणाले, पोराला कामं फार लागली, दमत असेल बिचारा. तुझ्यावर रागावले असते तर मी हे पत्र लिहिलं नसतं. चार दिवस झाले, ते रोज मला विचारतात की संदेशचा फोन आला का, त्याला वाईट वाटलं असेल, त्याला म्हणावं मनाला लावून घेऊ नको.

मी तुझी माफी मागत नाही. ती मागायची असेल तर आधी तू त्या तीन फळ्यांची माग. होडी माझी आहे, आणि खोटं बोलून मिळाली तरी ती मी बांधलीय, हे तू आलास तरी बदलणार नाही. तरी या रविवारी ये. बाबांसमोर बस आणि त्यांना सांग की ताईचा फोन आलाच नव्हता, मला कुणी बोलावलंच नाही. मी तीनदा सांगायला गेले, तर ते म्हणाले की भावाची बाजू घेऊ नकोस, मला माहीत आहे तो कामात असतो. माझं खोटं त्यांना लगेच पटलं आणि खरं काही केल्या पटत नाही. तू सांगितलंस तर पटेल. तुझं त्यांना नेहमीच पटत आलंय.

दुसऱ्या कुणाची बहीण नसल्यामुळे तुझीच,
विनिता