रापणीचा वाटा

बाई, तुम्ही दिलेली ती पातळ पुस्तिका काल पुन्हा वाचायला घेतली आणि पुन्हा माझं डोकं उठलं. पहिल्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या प्रेषिताने लिहिलेलं पत्र म्हणे. पत्र असं लिहितात का हो? एकेक वाक्य सुरू होतं ते संपायचं नावच घेत नाही. आधी सांगतो, सगळेच पापी. मग सांगतो, नियम पाळूनही कोणी सुटत नाही. मग सांगतो, नुसता विश्वास ठेवा, सुटका फुकट आहे. तर मग पाप करत राहायला काय हरकत, असं मी विचारायच्या आत तो स्वतःच विचारतो आणि स्वतःच ओरडतो, मुळीच नाही! मॅट्रिक झाल्यावर लोक पेन देतात, घड्याळ देतात. तुम्ही मला हे दिलंत. वर म्हणालात, ''समाजला नाय तर परत वाच.'' परत परत वाचून पुस्तिकेची पानं सुटी झाली, बाई.

माझी चूक कुठे होत होती ते सांगते. मी ते पत्र रापणीच्या हिशेबाने वाचत होते. किनाऱ्यावर जाळं ओढताना जो दोराला हात लावील त्याला माशांचा वाटा, जो लावणार नाही त्याला नाही. जन्मापासून पाहिलेला न्याय तो. आणि माझं तर सगळं त्या दोरापाशीच अडलेलं.

तेरा वर्षांची होते, तुमच्या शेजारच्या घरातली. तुमच्या आईला धाप लागलेली, आणि तुम्ही माझ्या हातात चिठ्ठी देऊन डॉक्टरकडे पिटाळलंत. मी धावतेय. वाटेत रापण लागलीय, दोर ओढायला माणसं कमी पडतायत, कोणीतरी हाक मारतं, ''ये गो, हात लाव!'' चिठ्ठी कमरेला खोचून मी दोर धरते. जाळं वर येईपर्यंत हलत नाही, वाटा मिळेपर्यंत तर नाहीच. सहा बांगडे होडीखाली वाळूत लपवून दवाखान्यात पोचले, तर कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर आत्ताच बाहेरगावी गेले. संध्याकाळी तुमची आई गेली.

तुमच्या भावाने सगळ्यांसमोर विचारलं, ''चेडवान इतको वेळ खंय लावल्यान?'' तुम्ही मला जवळ ओढलंत. माझ्या बाहीवर माशाचं खवलं चिकटलं होतं. ते तुम्ही नखाने काढलंत, पदराला पुसलंत आणि म्हणालात, ''डॉक्टर घरात नाय होतो. चेडवाचो काय दोस नाय.'' मी तोंड उघडलं नाही. पुढेही कधी नाही.

तोंड उघडण्याऐवजी मी कळशी उचलली. चार वर्षं रोज सकाळी तुमच्या घरचं पाणी भरलं, थंडीतापातसुद्धा. तुम्ही किती वेळा रागावलात! एक दिवस तर स्वयंपाकघराच्या दारात आडव्याच उभ्या राहिलात. ''ठेव गो ती कळशी खाली. ह्यो काय रापणीचो वाटो नाय, दोर ओढून मिळूक!''

मी रडत विचारलं, ''मगे माणसान करूचा तरी काय?''

''घेवचा. देतत तां गप घेवचा.''

मला वाटलं, तुम्ही पाण्याबद्दल बोलताय. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी घेऊन हजर. त्या पत्रातही तेच लिहिलं आहे हे काल कळलं, माझे केस पिकल्यावर! ज्याला माफ करायचं त्याने अजून कबूलही केलेलं नसतं, तेव्हाच माफी झालेली असते. माझी तर खवलं पुसतानाच झाली होती. हे सरळ बसवून सांगायला तुमचं काय जात होतं? चार वर्षं माझी कंबर मोडली, आणि तुम्ही गेलात तेव्हाही मी आधी पाणी भरायलाच धावले. राग येतो मला तुमचा. फार येतो, आणि आठवणही तितकीच येते.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? त्या सुट्या पानांतच ठेवून देईन. पण एक राहिलं. खवलं पाहून रापणीचं तुम्हाला कळलं होतं, पण त्यापुढचं ठाऊक नव्हतं. परतताना ते बांगडे मी वाळूतून काढून घरी नेले. तुमच्या घरातलं रडणं आमच्या चुलीपर्यंत ऐकू येत होतं आणि मी भाताबरोबर दोन बांगडे खाल्ले. चांगले लागले होते, बाई.