राखेच्या पायरीस कारण की

दतिया गेट, झाशी
पौषातली एक संध्याकाळ

ती. स्व. श्रीकृष्णदादा यांस,

दामोदरचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम, म्हणजे मी क्षेम आहे. बाकीचं सर्व सध्या तुमच्याकडे ग्वाल्हेरीला आहे. तुमची दाढ काय म्हणते? लवंग धरून दिवस काढू नका, एकदाची काढून टाका. हे फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि तुमची बहीण पलीकडे मेथी निवडत सगळं ऐकते, म्हणून या वयात कागद घेऊन बसलो.

शारदानं तिची बाजू सांगितलीच असेल. पातेल्यापर्यंतची हकिगत खरी आहे. जन्मभर कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासले. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून मी तिची आमटी तपासायला लागलो, तेव्हा तीच म्हणाली की काहीतरी करा. मी सिमेंट करायला घेतलं. (तिला बागकाम म्हणायचं होतं, हे मागाहून कळलं.) दादा, सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजतात. त्यात कोळशाचा धूर वेगळा, दगडातून सुटणारा वायू वेगळा, आणि दोन्ही आपल्याच डोक्यावर. उलट वीजघरातली राख आणि लोखंडाच्या भट्टीचा मळ, ज्याला स्लॅग म्हणतात, हे दोघं आधीच जळून बसलेले असतात. त्यांना कॉस्टिक सोडा आणि साबणवाले वापरतात ते सिलिकेट पाजलं की ते दगडासारखे घट्ट होतात. भट्टी नको, धूर पुष्कळ कमी, आणि फुकट जाणारी राख कामी लागते. हे सगळं मी शारदाला अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, छान आहे, पण दिवाणखान्यात का? (बाहेर दव पडतं म्हणून. उठून जरा बाहेर जाऊन आलो. का, ते पुढे सांगतो.)

तर पातेलं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुधाचं पातेलं ॲल्युमिनियमचं आहे, हे ठाऊक नव्हतं. आधी फसफस झाली, मग वास आला, मी खिडक्या उघडेपर्यंत पातेल्याला तळ उरला नव्हता. शारदानं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे बॅग भरली आणि एवढंच म्हणाली, "राख घराबाहेर गेली की कळवा. मग मी येते."

ती गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चहा करतो, तो दोन कप होतो. शेवटी राख फेकून द्यायची म्हणून पोतं ओढत दाराशी आणलं आणि तिथेच थांबलो. गल्ली खणून नवी झाली तेव्हापासून आमच्या उंबऱ्याखाली भलती खोल उतरण झाली आहे. शारदा रोज डावा गुडघा धरून, भिंतीला हात लावून उतरते आणि मी आतून "सांभाळून" म्हणतो. माझी मदत आजवर एवढीच. तेव्हा मनात आलं, राख घराबाहेर घालवायचीच आहे ना, तर पायरी करून घालवू. (पुन्हा बाहेर जाऊन आलो. बोट लावून बघितलं. अजून ओली.)

राख, स्लॅग, खडी फोडणाऱ्या क्रशरची डस्ट, सगळं मोजून कालवलं, या वेळी प्लास्टिकच्या बादलीत. पायरी रेखीव झाली आहे, पण थंडीत हे मिश्रण धरायला वेळ लावतं. त्याला ऊब हवी. मे महिना असता तर झाशीच्या उन्हानंच काम केलं असतं. आता वर प्लास्टिक अंथरून एक जाडसं पांघरूण घातलं आहे (कोणतं, ते महत्त्वाचं नाही) आणि शेजारी स्टूल टाकून राखण करतो. दुपारी शेजारच्या रामसखी चाची येऊन उभ्या राहिल्या. शारदा आठवडाभर दिसलेली नाही, दाराशी राखेचं रिकामं पोतं, आणि मी पांघरुणाशेजारी बसलेलो. त्यांनी हळूच विचारलं, "भैया, भाभी नईं दिखात... और जा राख कौन की आय?" राख कुणाची, म्हणे! मी म्हटलं, बिजलीघर की. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या. बायकांना विज्ञानात रस नसतो हे खरं नाही, पण चाचींना तरी नसावा.

असो. तर शारदाला एवढंच सांगा की राख घराबाहेर गेली, ठरल्याप्रमाणे. तिच्यावाचून मला करमत नाही, हे मात्र तुमचं मत म्हणून सांगा.

आपला,
दामोदर

ता. क. इतक्यात पाठवू नका. पायरी अजून बोटाला लागते आहे. दाढेचं निमित्त करून तिला चार दिवस अडवून ठेवा, वाटल्यास कण्हा.

दुसरा ता. क. (सकाळी.) पायरी धरली, हातोडीलाही दाद देत नाही. मात्र रात्री कुणाच्या तरी शेळीनं मधलं प्लास्टिक ओढून नेलं, त्यामुळे पांघरूणही धरलं. ती रजई होती, तुमच्या आईंनी शारदाला दिलेली, लाल फुलांची. कडेनं कात्रीनं कापली, पण मधला भाग आता पायरीचाच आहे. मानिक चौकाच्या बाजारात हिंडलो, तशी मिळाली नाही. आता पत्राचं खरं काम हे: ग्वाल्हेरीत बघा आणि तिला कळू देऊ नका.

दादा, मी पोचले. चाचींनी फोनवर "बिन्नू, तुम हो तो?" म्हणजे बाई, तू आहेस ना, असं विचारलं तेव्हा आपण दोघं हसलो, पण नंतर मला काही राहवलं नाही. हे पत्र स्टुलावर सापडलं, त्याखालीच लिहिते. रजई घेऊ नकोस. यांनी मला बॅगही खाली ठेवू न देता आधी पायरी चढून दाखवायला लावलं. मी चढले, उतरले, परत चढले. पायाखाली आईची लाल फुलं आहेत, त्यांच्यामुळे पाय घसरत नाही. भिंतीला हात लावावा लागला नाही. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी रजईचं बोलायचं आहे.
शारदा