बिनडोळ्यांची पलटण

३ सप्टेंबर

नवी नोकरी, म्हणून नवी वही. दुकान दोन मजली आहे. खाली जुन्या लढायांचे टेबलावर मांडायचे खेळ खोक्यांतून विकतात, वर आम्ही त्यातले शिपाई रंगवतो. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. अक्का साठीच्या पुढच्या, बावीस वर्षं इथेच आहेत. डाव्या डोळ्याने त्यांना काहीच दिसत नाही, तरी काम सुबक. मालक बोलका माणूस. मला बघताच "या, कलाकार" म्हणाले. पंधरा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

शिपाई अंगठ्याच्या पेराएवढा. आधी अंगभर राखाडी रंगाचं अस्तर, मग कोट, पट्टे, बूट, बंदूक आणि सगळ्यात शेवटी चेहरा. माझ्या वाट्याला मेलेल्यांची पलटण आली आहे. दोनशे वर्षांपूर्वी कापले गेलेले शिपाई उठतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात, असा तो खेळ. कोट बटणासकट अस्सल त्या काळचा हवा, आत मात्र बरगड्या. मजा वाटतेय.

घरी ताईने सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, डोळ्यांचं काय करणार आहेस? मी विषय बदलला.

५ सप्टेंबर

ते डोळ्यांचं इथे लिहून टाकतो, दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही. मुलाखतीला मी जे तीन शिपाई नेले, त्यांचे डोळे ताईने काढले होते. ती शिवणकाम करते, तिचा हात दगडासारखा स्थिर. माझा थरथरतो. पांढरा ठिपका आणि त्यात काळा, एवढंच काम; पण माझे शिपाई तिरळे तरी होतात नाहीतर दचकल्यासारखे तरी दिसतात. मालकांना मात्र सांगितलं होतं की सगळं माझंच.

आज तीस शिपाई झाले, डोळे तेवढे राहिले. अक्कांची रीत वेगळी. हातातल्या शिपायाचे डोळे झाल्याशिवाय त्या जेवायलाही उठत नाहीत. मी चेष्टेने म्हटलं, अक्का, तो काही पळून जात नाही. त्या हसल्या नाहीत. तुझेही आत्ताच काढून टाक, म्हणाल्या, वाकडे आले तरी चालतील. मला वाटलं, म्हातारीने माझा हात ओळखला. राग आला. तीसही शिपाई फडक्याखाली झाकून घरी आलो.

६ सप्टेंबर

सकाळभर फडक्याला हात लावला नाही, नव्या खोक्यातले नग मोजत बसलो. दुपारी जेवून वर आलो, फडकं काढलं, तर तिसांनाही डोळे.

आणि काय डोळे! कुणाचा दमलेला, कुणाचा रडून सुजलेला, एकाचा नुसता वाट बघणारा. खोलीत अक्का एकट्याच होत्या. म्हणजे त्यांनीच काढले, माझी लाज राखायला. एका डोळ्याने अर्ध्या तासात साठ डोळे कसे काढले, हा हिशेब मी मुद्दामच केला नाही. त्यांना काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर आभार मानावे लागले असते.

मालकांनी एक शिपाई भिंगाखाली धरला. मग म्हणाले, "हे बघतायत हो." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असणार.

११ सप्टेंबर

रोज तसंच. मी चेहरे कोरे सोडून खाली जेवायला जातो, येतो तेव्हा काम झालेलं असतं. त्या पहिल्या तिसांतले बारा मालकांनी वॉर्निश मारून खालच्या काचेच्या कपाटात ठेवलेत, समोर माझ्या नावाची पाटी. कपाटापाशी उभं राहिलं की वरच्या मजल्याच्या लाकडी कठड्यामधून आमची टेबलंही दिसतात. ताईला सांगितलं, हात बसला माझा. तिने माझा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला. खूप खूश झाली. शेजारच्या दोन घरी सांगूनही आली.

अलीकडे डोळे चुरचुरतात. बसचा नंबर जवळ येईपर्यंत लागत नाही. भिंगाच्या दिव्याने असेल.

१५ सप्टेंबर

आजचं लिहायला नको वाटतंय.

जेवून वर आलो, तर अक्कांच्या हातात चिंधी, खोलीभर स्पिरिटचा वास आणि माझे साठ शिपाई पुन्हा आंधळे. अक्कांनी चिंधी लपवली नाही. माझ्या मागोमाग मालक आले. त्यांनी विचारलं, हे काय? अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या.

मी बोललो. म्हटलं, अक्कांना माझं काम बघवत नाही. किती सहज आलं ते तोंडातून.

मालकांनी त्यांना तिथल्या तिथे काढलं. त्यांनी आपले ब्रश रुमालात गुंडाळले, चष्मा पर्समध्ये ठेवला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरत गेल्या. बावीस वर्षं. मी ब्रश धूत उभा होतो. ब्रश आधीच स्वच्छ होता.

मालक म्हणाले, यापुढे डोळे झाले की लगेच वॉर्निश मारायचं, म्हणजे कुणाला पुसता येणार नाही.

घरी येताना बसचा नंबर लांबून लख्ख दिसला.

१६ सप्टेंबर

वर मी एकटाच. चेहरे कोरे ठेवले, जिन्याच्या दाराला कुलूप लावलं आणि जिन्यातच बसून जेवलो. किल्ली खिशात होती.

कुलूप काढलं. साठांना डोळे.

म्हणजे डोळे काढणाऱ्या अक्का नव्हत्या. हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी वॉर्निशची बाटली उघडली.

२२ सप्टेंबर

दोनशेच्या वर शिपाई गावोगावी गेले. मला समोर बसलेल्या ताईचा चेहरा दिसत नाही, नुसता आकार दिसतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीनदा तपासलं, डोळे ठणठणीत आहेत म्हणाले.

आणखी एक. डोळे मिटले की काच दिसते. काचेपलीकडे दुकान. मोठाले चेहरे वाकून आत बघतात.

२४ सप्टेंबर

अक्कांकडे गेलो. वाट विचारत, भिंतीला हात लावत. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या टेबलांवर कोरा चेहरा सोडून उठलं की त्याला डोळे येतात, ते रंगवणाऱ्याचे. त्या नव्या होत्या तेव्हा त्यांचाही एक खोका असा गेला. तो विकला गेला आणि डावा डोळाही गेला. डोळे वेळेत पुसले तर नजर परत येते, म्हणून त्यांनी माझे पुसले. वॉर्निशखालचे पुसता येत नाहीत.

मी विचारलं, मला आधी सांगितलं का नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर वेडी ठरवलं असतंस. न सांगता पुसले, तर काय ठरवलंस ते तुला माहीत आहे."

माफी मागायला तोंड उघडलं. मागता आली नाही. बसपर्यंत त्यांनीच सोडलं मला.

२७ सप्टेंबर

ओळीखाली पट्टी धरून लिहितो. कागद दिसत नाही.

बाकी सगळं दिसतं. खोक्यातला अंधार, एकावर एक. अनोळखी टेबलं. वरून येणारी दोन बोटं. कुणीतरी आम्हाला आडवं पाडतं, मेला म्हणतं, पुन्हा उभं करतं. वर ‘आम्हाला’ असं लिहिलं मी. मला.

कपाटातून मालक दिसतात. गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगत असतात.

३० सप्टेंबर

ताई म्हणाली, तू बरा होईपर्यंत तुझ्या जागी मी जाते. मालकांशी बोलून आली. त्यांना एका शिपायाचे डोळे काढून दाखवले. त्यांनी लगेच हो म्हटलं.

तिला सांगायला हवं. सांगायचं तर अक्कांचंही सांगावं लागेल. त्या जिना उतरत होत्या आणि मी ब्रश धूत होतो, हे ताईला —

तिने माझं ताट वाढलं, हात धरून भाजी कुठे, भात कुठे ते दाखवलं. मी जेवलो.

उद्या सकाळी सांगतो.

१ ऑक्टोबर

ती लवकर गेली. मी जागाच होतो. पांघरूण तोंडावर घेऊन पडून राहिलो, तिने हाक मारली तरी —

दुपार

कपाटातून ताई दिसते. माझ्या खुर्चीत. चष्मा नाकावर. समोर पंचवीस-तीस शिपाई, अस्तर, कोट झालेत. चेहरे कोरे.

मालकांना फोन लावला. अंदाजाने, बोटांनी चाचपून. लागला. त्यांनी खिशातून काढला, नाव बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघून हसले — पालथा घातला काउंटरवर

पुन्हा. पुन्हा पालथा

ताईचा फोन इथेच वाजतोय, स्वयंपाकघरात. विसरून गेली

तिने ब्रश धुतला. चष्मा काढून ठेवला. मान मोडतेय. शिपायांवर फडकं —

ताई उठू नकोस. ताई मी खोटं बोललो, सगळ्यांशी, अक्कांनी काही केलं नव्हतं, मीच, तू फक्त बस, एकेकाचे काढ, वाकडे आले तरी

खुर्ची मागे सरकवली तिने ती