ठकी रडत नाही

सोमवार
आले बाई एकदाची लेकीच्या घरी! माझं लिहिणं जेमतेम, पण नातीचं कौतुक मनात मावेना. दूधपितं लेकरू, गाल कसे टम्म! आम्ही तिला ठकी म्हणतो. रडते अशी, की शेजारची म्हातारी खिडकीतून ओरडली, पोर आहे की भोंगा! तिची अंघोळ, मालीश आता माझ्याकडे. प्रवासात गुडघे मात्र पार धरलेत.

मंगळवार
कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने मलम घोटून दिलं. गोळ्या पोटाला बाधतात म्हणे, म्हणून दुखण्यावरची सगळी औषधं एकत्र करून दुखतं तिथंच लावायची. अख्खी गल्ली हेच लावते. हातमोजा घालून चोळा, म्हणाला. म्हटलं, मोज्यानं काय कपाळ चोळणार? जावई हसून हसून खोकले. गुडघे असे सुटले, की जिना उगीचच परत चढून आले!

गुरुवार
आता कमरेला, खांद्यालाही लावते. हात धुतले तरी ओशट राहतात. मालिशीला ठकी गप्प पडून राहते. लेक म्हणाली, आई, तुझ्या हाताला गुण आहे गं. मी फुशारलेच.

शनिवार
बोटं बधिर. भाजी लाल झाली तेव्हा कळलं, की बोट कापलंय. दुखलं नाही. ठकी भुकेलाही रडली नाही. हळूच चिमटा काढला. नुसती बघत राहिली.

रविवार
शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, दुखत नाही ना, मग झालं तर. तिच्या तळव्यावर तव्याचा चटका होता, ताजा. तिला ठाऊकच नव्हतं. दाखवला तर हसली.
औषधवाल्याचं दुकान बंद.

सोमवार
पाणी कोमट वाटलं. हात घालून बघितलं होतं मी. ठकी पाण्यात हसत होती. लेक टॉवेल घेऊन आली, पाण्याला बोट लावलं आणि किंचाळली—
ठकीची पाठ—
ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलीय. लेक गाडी आणायला धावली. ठकीकडे बघवत नाही, म्हणून लिहितेय.
रडत नाही. अजून नाही.
लेक म्हणाली, घट्ट धर. डाव्या हाताने धरलंय. किती घट्ट, ते मला कुठं—