मलबारी झाडाची पेज

अण्णा, परसातल्या तुमच्या मलबारी झाडाला शेजारीपाजारी माड समजत आणि नारळ कधी लागणार म्हणून तुम्हाला छळत. ठाण्याच्या कचेरीतून दमून आलात, तरी तुम्ही उभ्याउभ्या समजावू लागायचात. हा माड नव्हे, याची जातच निराळी आणि फार जुनी. नराला कणीस येतं, मादीला खास पानं फुटून त्यांच्या कडेला फळं धरतात. आपलं झाड नर की मादी, एवढं पाहायला तुम्ही वर्षानुवर्षं थांबला होतात. आई म्हणायची, "माझ्या बाळंतपणांचीसुद्धा इतकी वाट पाहिली नाहीत."

मग दुष्काळाचं साल आलं. घाट उतरून देशावरची माणसं कल्याणात आली, आपल्या आळीच्या तोंडाशी लेकराबाळांसह बसली. घरातले तांदूळ देऊन झाले. आणि नेमका तेव्हाच झाडाच्या शेंड्यात लोकरीसारखा तांबूस कोंब दिसला. तुम्ही भिंग घेऊन शिडीवर चढलात, उतरलात आणि कुऱ्हाड मागितलीत. उठसूट त्या झाडावर चिडणारी आईच आडवी आली.

"अहो, महिनाभर थांबा. आता तर कळेल."

"ती पोरं थांबतील का महिनाभर?"

झाड तोडलंत, कोंब चिरून पाहिलात, पण तो फार कोवळा होता, काही उमगलं नाही. खोडाच्या गाभ्यात साबुदाण्यासारखं पीठ असतं, पण विषही असतं, हे तुम्ही वाचलेलं. म्हणून चकत्या वाळवून, कुटून, पाण्यावर पाणी बदलत पीठ धुतलंत, पेजेची पहिली वाटी स्वतः प्यायलात आणि ओटीवर बसून राहिलात. आई घडोघडी बाहेर येऊन तुमचा चेहरा न्याहाळतेय. मला हसूही येतंय आणि भीतीही वाटतेय.

दुसऱ्या दिवशी पेज वाढताना एका म्हातारीने वाडगा पालथा घातला. "आज एकादस हाय, दादा. मला नगं." पोट पाठीला लागलेलं, पण बाई ऐकेना. जन्मात एक उपास न केलेले तुम्ही तिच्यापुढे उकिडवे बसलात.

"आजी, हे धान्य नव्हे. झाडाच्या खोडातला गाभा आहे. उपासाला खुशाल चालतो."

"खरं सांगताय न्हवं?"

"माझंच झाड होतं, आजी."

तिने वाडगा पुढे केला. त्या वेळी तुमच्याबद्दल मला इतकी माया दाटून आली, पण तुम्ही असताना ते बोलायला कधी जमलं नाही.

आता माझी मुलं विचारतात, आजोबांचं झाड नर होतं की मादी? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पाहिलं नाही ते सांगू नये. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून धीर करून लिहिते. मी त्यांना बेधडक मादी म्हणून सांगते.