क्यूचा सराव

नांदेड,
दि. ९ नोव्हेंबर

मित्रवर्य ज्ञानोबा यांस, मुक्काम मुरुड, जि. लातूर,

धम्मानंदाचा सप्रेम जयभीम. तुझा रामराम पोचला असं आधीच धरून चालतो, म्हणजे तुझं एक पोस्टकार्ड वाचेल. इकडे मी ठीक आहे. म्हणजे बीपी सोडलं तर ठीक आहे, आणि झोप लागली असती तर बीपीही ठीक असतं. तुझा गुडघा कसा आहे? सरजावहिनींची शुगर उतरली का? (मी त्यांना कारल्याचा रस घ्यायला सांगितला होता. तो मी स्वतः तिसऱ्या दिवशी सोडला. त्यांनीही सोडला असेल तर आमच्यात काही वाद नाही असं सांग.) म्हैस व्याली असेल. काय झालं ते कळव.

तू म्हणशील, हातात मोबाईल असताना ह्याला पत्र लिहायची हुक्की कुठून आली. तर रविवारी मी खुद्द तुझ्याकडं यायला निघालो होतो. इस्त्री केलेला सदरा घालून, वहिनींसाठी पेढे घेऊन. आलो नाही, हे तुला माहीतच आहे. का आलो नाही ते सांगायचं तर आधी एक इंग्रजी शब्द सांगावा लागतो, आणि तो शब्द सांगायचा तर आधी विशाखाचं सांगावं लागतं.

आपल्या विशाखाचे डिसेंबरात दिवस भरतात. ती आणि जावई दोघंही तिकडं लीड्स गावच्या दवाखान्यात नोकरीला आहेत. मागल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हा जावयाची दुसऱ्या गावी ड्युटी होती आणि पोरगी कॉटवर एकटीच होती, हे मी तुलाच तेवढं सांगितलं होतं. तिची आई, आमची नागूबाई, असती तर ह्या खेपेला ती गेली असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. विहीणबाई पायरीवरून घसरल्या, त्यांचा खुबा मोडला. मग उरलो मी. बाळंतपणात बापानं येऊन करायचं काय, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "काही करू नका बाबा, नुसतं बसून राहा." आता नुसतं बसून राहायला मला चांगलं जमतं, रिटायर झाल्यापासून सहा वर्षं तेच करून राहिलोय. प्रश्न तिथपर्यंत पोचायचा आहे. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, तिकीटही तिनं पाठवलं, सव्वीस तारखेचं. हैदराबादहून बसायचं, कतारला विमान बदलायचं आणि मँचेस्टरला उतरायचं. तिथं जावई घ्यायला येणार.

विशाखा सांगते की विमानतळ म्हणजे घाबरण्यासारखं काही नसतं, एकामागून एक लाईनी असतात एवढंच. सामानाची वेगळी, झडतीची वेगळी, पासपोर्टाची वेगळी. फक्त चुकीच्या लाईनीत उभं राहू नका, नाहीतर विमान निघून जाईल. (हे तिनं मला धीर द्यायला सांगितलं.) त्या दिवसापासून मला डोळा मिटला की लाईनी दिसायला लागल्या. मी तिला म्हटलं, मग मी पुढच्या माणसाला विचारीन, "लाईन?" तर म्हणाली, बाबा, तिकडं लाईन नाही म्हणत, क्यू म्हणतात. आणि दोन वाक्यं पाठ करायला दिली. एक, "एक्स्क्यूज मी, इज धिस द क्यू?" आणि कुणी मध्येच घुसला तर, "सॉरी, आय अ‍ॅम इन द क्यू."

मी ती देवनागरीत कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढली आणि बघत बसलो. तुला सांगतो ज्ञानोबा, लिहून काढल्यावर मला एक गोष्ट उमजली. ती कुणी शिकवत नाही. माफी मागायची तर एक्स्क्यूज, त्यात क्यू आहे. आभार मानायचे तर थँक्यू, त्यातही क्यू. म्हणजे ह्या लोकांनी तोंड उघडलं की ते लाईनीतच उभे राहतात. मी हे विशाखाला फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबा, तुम्ही बीपीची गोळी वेळेवर घेऊन राहिलात ना?

सराव करा, असं तिनं बजावलं होतं. म्हणून सोमवारी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो, तिथं पहिला प्रयोग केला. पेन्शनवाल्यांची ही गर्दी. माझ्यापुढं एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. (उर्दू शाळेतले रिटायर मास्तर, हे नंतर कळलं. फार सज्जन माणूस.) मी घसा साफ केला आणि म्हटलं, "एक्स्क्यूज मी, इज धिस द क्यू?"

मास्तर वळले. म्हणाले, "क्यूँ? अरे मियाँ, पेन्शन के लिए. और क्यूँ?"

मी म्हटलं, "वैसा नै. क्यू."

"वही तो मैं पूछ रहा हूँ. क्यूँ?"

"क्यूँ नै हो, क्यू!"

असं आमचं दोन-तीन वेळा झालं. मागचे लोक जवळ सरकले, कुणाला वाटलं भांडण लागलं. ज्या वाक्यावर मी सातासमुद्रापार जाणार, ते वाक्य नांदेडातच अडकलं होतं. शेवटी मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. "अच्छा, क्यू! यानी कतार!"

आता मला काय ठाऊक की उर्दूत लाईनीला कतार म्हणतात? मला वाटलं ह्यांना माझं तिकीटच कळलं. मी आनंदानं म्हटलं, "हाव! कतार! छब्बीस तारीख को जा रहा." मास्तरांनी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, हातातल्या बीपीच्या गोळ्यांच्या पिशवीकडं बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "इस उम्र में? बेटे नहीं देखते क्या?" संध्याकाळपर्यंत आमच्या कॉलनीत बातमी पसरली की धम्मानंद कंडक्टर अरबाच्या मुलखात नोकरीला चालला. शेजारच्या दोन बाया भाजी घेऊन आल्या आणि माझ्याकडं बघून डोळे पुसून गेल्या. भाजी चांगली होती.

पण बँकेतलं अजून संपलं नाही. त्या गोंधळात लाईन विस्कटली, दोन जण पुढं घुसले, एका म्हाताऱ्या बाईला धक्का लागला. आणि मग मला राहवलं नाही. तोंडातून आपसूक निघालं, "चला, चला, एकामागं एक! बाई, तुम्ही पुढं या! मामा, पिशवी बाजूला घ्या!" झालं. लोकांना वाटलं मी बँकेचाच माणूस. पाच मिनिटांत अशी सरळ लाईन लागली की शिपाई बघत राहिला. मी दरवाजापासून खिडकीपर्यंत फिरून सगळ्यांना नीट लावलं, कुणाचे कागद तपासले, कुणाचा अंगठा पुसून दिला. सगळे गेले. मास्तरही मला "खुदा हाफिज, सँभल के" म्हणून गेले. मग मी खिडकीपाशी गेलो तर खिडकी बंद झाली होती. माझा हयातीचा दाखला तेवढा राहिला.

घरी येताना रिक्षात मला एकदम भीती वाटली. तीस वर्षं मी हजारो लोकांना लाईनीत उभं केलं, पण स्वतः कधी उभा राहिलो नाही. गाडी लागली की मी दारात. कुणी मला कधी विचारलं नाही, धम्मानंद, तुझा नंबर कितवा? आणि आता मँचेस्टरच्या विमानतळावर मी असाच "चला, चला" म्हणायला लागलो तर ते मला कुठं नेऊन बसवतील?

म्हणून रविवारी तुझ्याकडं यायचं ठरवलं तेव्हा मनाशी पक्कं केलं, की आज बसस्टँडवर लाईनीत उभं राहायचं. काही झालं तरी मोडायची नाही. लातूरच्या फलाटावर गेलो. फलाट मोकळा होता. मी लोखंडी दांडीपाशी, जिथं लाईन सुरू होते असं लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नसतं, तिथं उभा राहिलो. थोड्या वेळानं एक आजीबाई आल्या, डोक्यावर गाठोडं. म्हणाल्या, "दादा, इथं कशाची लाईन हाय?" मी म्हटलं, लातूरची. "एकट्याची?" मी म्हटलं, तुम्ही उभ्या राहिलात तर दोघांची. त्या हसल्या आणि खरंच माझ्या मागं उभ्या राहिल्या. ज्ञानोबा, मला इतकं बरं वाटलं! मग तीन पोरी आल्या, मग एक जोडपं आलं. बघता बघता सात माणसांची लाईन झाली. मी आजीबाईंना सांगितलं, ह्याला इंग्रजीत क्यू म्हणतात. त्या म्हणाल्या, असंल बाबा.

मग गाडी आली. तुला सांगायला नको. फलाटाच्या चारी बाजूंनी माणसं धावली, खिडक्यांतून रुमाल गेले, टॉवेल गेले, एक टोपी गेली. माझ्या मागचे सहाही जण धावले, आणि सगळ्यांत पुढं त्या आजीबाई! मी वळून म्हणालो, "सॉरी, आय अ‍ॅम इन द क्यू." ऐकायला तिथं कुणी नव्हतं. कंडक्टर नवा पोरगा होता, त्यानं मला ओळखलं नाही. आजीबाईंनी खिडकीतून हात काढून हाक मारली, "ओ दादा, या की! जागा धरलीया तुमच्यासाठी!" त्यांनी शेजारच्या सीटवर गाठोडं ठेवलं होतं. मला फक्त चार पावलं चालायची होती.

मी चाललो नाही. गाडी निघेपर्यंत दांडी धरून उभा राहिलो. त्यानंतर आणखी दोन गाड्या गेल्या, त्याही अशाच. मग पेढे घेऊन घरी आलो. लोकांना वाटलं असेल म्हातारा हट्टाला पेटलाय. हट्ट नव्हता रे. पाय हलत नव्हते. ज्या बसस्टँडवर मी डोळे मिटून चाललो असतो, तिथं मला गाडीत चढता आलं नाही, आणि मी परमुलखाला जाताना तीन विमानतळ पार करणार होतो.

तर असं हे. काळजी करू नको. मी खंबीर आहे, तयारी सुरू आहे, दोन्ही वाक्यं तोंडपाठ आहेत. वहिनींना जयभीम सांग.

तुझा,
धम्मानंद

ता. क. : वरचं खंबीर वगैरे खरं नाही. मी रविवारी एक काम घेऊन येत होतो, ते तोंडावर सांगायचा धीर नव्हता, म्हणून बहुतेक गाडीत चढलो नाही. ज्ञानोबा, तू विशाखाला फोन कर. नंबर मागं लिहिलाय. तिला सांग की डॉक्टरांनी बाबाला विमानात बसायला मनाई केली. मी सांगितलं तर तिला माझा आवाज कळेल. तू काका आहेस, तुझ्यावर तिचा विश्वास आहे. आणि फोन डाव्या कानाला लाव. त्या कानाला तुला काही ऐकू येत नाही, म्हणजे ती रडली तरी तुला कळणार नाही. आपलं बोलून झालं की ठेवून दे.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ता सकाळी तिचाच फोन आला. काल ती तपासणीला गेली होती. तिथंही मोठा क्यू होता, दीड तास लागला. बाकीच्या बायांबरोबर कुणाची आई होती, कुणाची बहीण. शेजारच्या गोऱ्या बाईनं विचारलं, तुझ्याबरोबर कुणी नाही का? तर ही म्हणाली, माझे बाबा येऊन राहिलेत. मग दुसरीनं विचारलं, तिलाही हेच सांगितलं. "बाबा, मी सगळ्या क्यूला सांगितलं," म्हणून हसत होती. मागल्या वर्षापासून तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

तेव्हा फोन करू नको. पहिला ता. क. तूच तुझ्या हातानं खोडून टाक, मला तो पुन्हा वाचवत नाही. पण सव्वीसला सकाळच्या हैदराबादच्या गाडीची मी दोन तिकिटं काढून आलोय. एक तुझं आहे. विमानतळाच्या दारापर्यंत तेवढा चल, पुढं मी बघतो. तू आदल्या दिवशी दुपारीच ये. एकोणीस वर्षं आपण एका गाडीत काढली, पण तू कायम पुढं स्टिअरिंगवर आणि मी मागं. एका बाकावर आपण कधी बसलोच नाही. खिडकीची जागा तुला ठेवलीय.